परदेशातला पहिला रविवार



आज आपण बोलणार आहोत ते शिकायला परदेशी निघालेल्या आपल्या लेकींबद्दल. पूर्वी आपल्या भागात परदेश म्हटलं की आखातातली नाहीतर बोटीवरची नोकरी डोळ्यांपुढे यायची, आणि ती बहुतेक पुरुषांची. आता वसई, पालघर, बोईसरच्या घरांतून मुली शिकायला निघतात. कुणी दोन वर्षांसाठी जाते, तर कुणी एकाच सत्रासाठी. सत्र म्हणजे मुलं ज्याला सेमिस्टर म्हणतात ते. चार ते सहा महिन्यांचा काळ. इथल्या कॉलेजचा तिकडच्या विद्यापीठाशी करार असतो. मुलगी एक सत्र तिकडे शिकते, तिथले गुण इथे धरले जातात आणि परत येऊन ती इथलीच पदवी पुरी करते. अशा करारात बऱ्याचदा फी इथल्याच कॉलेजात भरायची असते. राहण्याखाण्याचा आणि प्रवासाचा खर्च मात्र आपला.

मी आज उदाहरण घेणार आहे एका कॅथॉलिक मुलीचं. समजा ती बोईसरची आहे आणि ऑक्टोबरमध्ये जर्मनीला निघाली आहे. ऐकणाऱ्या सगळ्या काही कॅथॉलिक नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण परक्या मुलखात आपलं म्हणावं असं एक दार कसं शोधायचं, हा प्रश्न सगळ्यांच्याच लेकींचा आहे. उदाहरण एका घरचं घेतलं तरी उपयोग सगळ्यांना होईल.

मुलगी जाणार म्हटलं की घरात दोन धास्ती असतात. एक पैशाची, ती उघड बोलली जाते. दुसरी मनातली. ‘ही एकटी तिकडे गेली की आपली राहील का? चर्चला जाईल का? हाताबाहेर तर जाणार नाही ना?’ मुलाच्या वेळी हे प्रश्न दबक्या आवाजात येतात, मुलीच्या वेळी मोठ्याने. आणि पुष्कळदा पैसे जमत असतानाही याच प्रश्नापायी मुलीचं जाणं थांबतं. म्हणून आधी याच धास्तीबद्दल बोलू या.

परदेशी जाऊन धर्म सुटतो, असं म्हणणाऱ्यांना आपल्याच वसईची गोष्ट सांगावी. संत गोन्सालो गार्सिया हे वसईचे. जन्म साधारण १५५६-५७ चा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईला जेझुइट फादरांच्या शाळेत ते शिकले आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास जपानला गेले. तिथे पोचल्यावर त्यांनी मनावर घेतलं ते तिथली भाषा शिकण्याचं. ती इतकी चांगली आली की ते जपानी लोकांना धर्मशिक्षण देऊ लागले. पुढे त्यांची जेझुइट संघात जाण्याची इच्छा पुरी झाली नाही. ते मकावला जाऊन व्यापारी झाले, नंतर मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. १५९३ मध्ये ते पुन्हा जपानला गेले ते दुभाषी म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला आणखी पंचवीस जणांबरोबर त्यांना क्रुसावर मृत्यू आला. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. भारतात जन्मलेले ते पहिले संत. घरापासून इतकं दूर, इतक्या अडचणींत त्यांची श्रद्धा टिकली. आपल्या लेकीने त्यांच्यासारखं हौतात्म्य पत्करावं असं कोण म्हणेल? पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. तिथली भाषा मनापासून शिकायची. आणि एक दार बंद झालं म्हणून हिरमुसून घरी न बसता दुसरं शोधायचं.

आता कॅथॉलिक मुलीला परदेशात एक सोय आयती मिळते, ती सांगते. मिस्सा. पूर्वी जगभर मिस्सा लॅटिन भाषेत व्हायची. १९६२ ते ६५ या काळात व्हॅटिकनला मोठी धर्मपरिषद झाली, तेव्हापासून ती ज्या त्या लोकांच्या भाषेत होऊ लागली. म्हणून आपण ती मराठीत ऐकतो. भाषा बदलली तरी क्रम तोच राहिला. आधी क्षमायाचना, मग वाचनं, प्रवचन, अर्पण, प्रभूची प्रार्थना, शांतीची खूण आणि ख्रिस्तप्रसाद. त्या रविवारी बोईसरला जे शुभवर्तमान वाचलं जातं, साधारणपणे तेच जर्मनीतही वाचलं जातं. आपली मुलगी मराठी प्रार्थनापुस्तक घेऊन मागच्या बाकावर बसली तरी आता काय चाललं आहे हे तिला कळेल. नव्या देशात बस कळत नाही, बँक कळत नाही, प्राध्यापकांचं बोलणं अर्धंच कळतं. अशा वेळी सगळं कळतं असा आठवड्यातला एक तास मिळणं, हा केवढा आधार आहे!

आणि हे आपल्याला काही नवीन नाही. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, पुढे एमआयडीसी वाढली, आणि केरळ, तामिळनाडू, गोवा, मंगळूर, कुठून कुठून माणसं बोईसरला आली. त्यांना इथली भाषा येत नव्हती. त्यांतल्या कॅथॉलिक माणसांनी रविवारी काय केलं असेल? चर्च शोधलं. आज आपल्या शेजारच्या बाकावर बसणारी मलयाळी बाई अशीच कधीतरी परकी म्हणून आली होती. आता आपली मुलगी तिकडे तशीच परकी म्हणून जाणार आहे.

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट मुलीला आधीच सांगून ठेवा. तिथलं चर्च आपल्यासारखं भरलेलं नसेल. युरोपात रविवारी मोठमोठ्या चर्चमध्ये मोजकी माणसं दिसतात, आणि त्यांत वयस्कच जास्त. मिस्सा संपली की ती आपापल्या घरी निघून जातात. कुणी येऊन ‘कुठली गं तू, जेवलीस का?’ असं विचारणार नाही. आपल्याकडून गेलेल्या मुलीला वाटतं, हे लोक मला नको म्हणतात. तसं नसतं. दुसऱ्याच्या आयुष्यात आपणहून डोकावू नये, अशी तिथली रीत आहे. दोन पावलं पुढे जाऊन ‘मी नवीन आहे, भारतातून आले आहे’ एवढं तिनेच म्हणायचं. बहुतेक वेळा पुढचं बोलणं समोरचा माणूस सुरू करतो.

त्याहून चांगलं म्हणजे विद्यार्थ्यांसाठी असलेली कॅथॉलिक मंडळी शोधायची. जर्मनीत विद्यापीठ असलेल्या बहुतेक शहरांत अशी मंडळी आहे, तिला तिकडे केएचजी म्हणतात. अमेरिकेत तिला न्यूमन सेंटर म्हणतात, इंग्लंड-आयर्लंडमध्ये चॅप्लेन्सी. तिथे अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांची वेगळी मिस्सा असते, नंतर एकत्र जेवण असतं, सहली असतात. आफ्रिका, व्हिएतनाम, पोलंड, केरळ अशा ठिकठिकाणची मुलं भेटतात. सल्ला द्यायला अनुभवी माणूस असतो. काही ठिकाणी त्यांचं स्वतःचं वसतिगृहही असतं, तेव्हा खोलीसाठी तिथेही विचारून पाहावं. मुख्य म्हणजे हे सगळं तिथे पोचल्यावर शोधायचं नाही. निघण्याच्या महिनाभर आधी पत्ता काढून मुलीने त्यांना एक ईमेल टाकायचा, ‘मी अमुक तारखेला येते आहे, पहिल्या रविवारी मिस्साला येईन.’ पहिला रविवार ठरलेला असला की पुढचे सोपे जातात. पहिले चार रविवार खोलीत रडण्यात गेले, तर पाचव्या रविवारी बाहेर पडणं फार जड जातं.

याच पहिल्या रविवारची आणखी एक गोष्ट. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. दूध, ब्रेड, भाजी शनिवारीच आणून ठेवायची, नाहीतर त्या दिवशी उपास घडतो.

तिथे पोचल्यावर मुलीला लवकरच एक कागद भरावा लागतो. नव्या घरात गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत सरकारी कचेरीत पत्त्याची नोंद करायची असते, आणि त्या अर्जावर धर्म विचारतात. कॅथॉलिक लिहिलं की ती नोंद करखात्याकडे जाते, कारण तिथे सरकार चर्चसाठी कर गोळा करतं. हा कर मिळकतकराच्या आठ किंवा नऊ टक्के असतो. पूर्ण पगाराच्या नाही, कराच्या. ज्या विद्यार्थिनीची कमाई इतकी कमी की मिळकतकरच लागत नाही, तिला हा करही लागत नाही. हे आधी ठाऊक नसलं की मुलं घाबरतात, आणि कुणीतरी सांगतं म्हणून ‘धर्म नाही’ असं लिहून मोकळी होतात. आपल्या मुलीने समजून घेऊन खरं तेच लिहावं.

आता आई म्हणून आपलं काम. घड्याळाचा हिशेब लक्षात ठेवा. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. तिकडे सकाळचे दहा म्हणजे थंडीच्या दिवसांत आपले दुपारचे अडीच. दर रविवारी ठरलेल्या वेळी फोन करा. पण फोन उचलल्या उचलल्या ‘मिस्साला गेलीस का?’ असं विचारू नका. तो प्रश्न पोलिसाने विचारल्यासारखा वाटतो. एखाद्या रविवारी ती गेली नसेल, परीक्षा असेल, ताप असेल, नुसता कंटाळाही असेल. ती म्हणेल, ‘हो, गेले होते.’ एक खोटं बोललं की दुसरं बोलावं लागतं. मग फोनवरचं बोलणं कमी होतं, आणि खरी अडचण येते तेव्हाही ती सांगत नाही. त्यापेक्षा विचारा, ‘आज कोण भेटलं? काय जेवलीस? गाणी कुठली म्हटली तिकडे?’ यातून सगळं कळतं आणि पोरीला आईशी बोलल्यासारखं वाटतं. श्रद्धा तिच्यासाठी शिदोरी असू द्या, गळ्यातलं दावं करू नका. दावं लांबून ओढता येत नाही. शिदोरी मात्र कितीही लांब पोचते.

डिसेंबरकडे खास लक्ष द्या. तेव्हा तिकडे दुपारी चार-साडेचारलाच अंधारायला लागतं. नाताळची सुट्टी लागली की वसतिगृह रिकामं होतं. चोवीस तारखेची संध्याकाळ तिकडे घरच्या माणसांची असते, पंचवीस-सव्वीसला सगळं बंद. आपल्याकडे त्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, आणि आपण हौसेने तिला व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवतो. तिच्याकडे मात्र एक खोली आणि एक खिडकी. म्हणून नोव्हेंबरातच विचारून ठेवा, ‘नाताळला तू कोणाबरोबर असशील?’ उत्तर नसेल तर विद्यार्थी मंडळीत आताच विचार म्हणावं. घरी जाऊ न शकणाऱ्या मुलांचं काहीतरी एकत्र ठरतं का, याची चौकशी वेळेत केलेली बरी.

आता पैसा. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी एका खास खात्यात आधी पैसे भरून दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. एक युरो शंभर रुपये धरला तर वर्षाचे जवळपास बारा लाख आणि सहा महिन्यांचे सहा लाखांच्या घरात. ही फी नव्हे. पैसे आपलेच असतात, मुलीला दर महिन्याला ठरलेल्या हिशेबाने परत मिळतात. पण आधी एकरकमी उभे करावे लागतात, आणि तिथेच घरं अडतात. रक्कम आणि नियम बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या वेळी ताजा आकडा पाहूनच हिशेब करा.

दागिने गहाण ठेवण्याआधी, सावकाराकडे जाण्याआधी बँकेत विचारा. शैक्षणिक कर्जाचा अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर करता येतो. केंद्र सरकारच्या पतहमी योजनेत बसणाऱ्या साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. मात्र आई किंवा वडील सहकर्जदार असतात, तेव्हा सही करण्याआधी हप्ता किती आणि कधीपासून, हे आपण स्वतः विचारायचं. नुसता अंगठा नाहीतर सही करून उठायचं नाही. ख्रिस्ती समाज अल्पसंख्याकांत येतो, त्यामुळे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी. आदिवासी मुलींसाठी आदिवासी विकास विभागाची परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिची माहिती डहाणू आणि जव्हारच्या प्रकल्प कार्यालयात विचारा. अशा सरकारी शिष्यवृत्त्या बहुतेक पूर्ण पदवीसाठी असतात, एका सत्रासाठी नसतात, हेही लक्षात ठेवा.

बचत गटातल्या बायकांना सांगायला नको की थेंबे थेंबे तळे साचते. वसईची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक १९१८ मध्ये अशीच आपल्या माणसांनी एकत्र येऊन उभी केली. गटाच्या पैशातून सगळा खर्च भागणार नाही. पण पासपोर्टचे दीड हजार, भाषेच्या वर्गाची फी, परीक्षेची फी, असे छोटे अडसर गट नक्की दूर करू शकतो.

काही सावधगिरीच्या गोष्टी. ‘तिकडे काम करून सगळा खर्च निघेल’ असं कुणी एजंट म्हणाला तर विश्वास ठेवू नका. विद्यार्थ्यांच्या कामावर मर्यादा असते. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. त्यातून हातखर्च निघेल, कर्ज फिटणार नाही. फी असेल तर ती थेट विद्यापीठाच्या खात्यात भरायची, एजंटच्या नाही. आणि चर्चमध्ये भेटलेला प्रत्येक माणूस भला असतो असंही नाही. ओळख झाली म्हणून कुणाला पैसे द्यायचे नाहीत, पासपोर्ट द्यायचा नाही, कुणाच्या घरी एकटीने राहायला जायचं नाही. देवाच्या घरी भेटला म्हणून माणूस पारखायचं थांबवू नये.

बॅगेत काय द्यायचं? मसाला द्या, डाळ द्या. तूप, पेढे, मटणाचं लोणचं देऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात बाहेरून नेता येत नाहीत. सुक्या मासळीला ठराविक वजनापर्यंत मुभा आहे, पण वसतिगृहात सातपाटीचे बोंबील भाजले तर धुराची घंटा वाजेल आणि शेजारीणही कायमची दूर जाईल!

कागदांची एक वेगळी पिशवी करा. पासपोर्ट, व्हिसा, प्रवेशपत्र, विम्याचे कागद, या सगळ्यांच्या दोन प्रती. एक तिच्याकडे, एक घरी. तिच्याकडे बाप्तिस्म्याचा दाखला आणि आपल्या धर्मग्रामाच्या फादरांचं ओळखपत्र असावं. तिकडच्या मंडळीत हे पत्र दाखवलं की ओळख सोपी होते. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर परदेशी शिकणाऱ्या मुलांची नोंद होते, ती करून ठेवा. युरोपात संकटाच्या वेळी ११२ हा नंबर लावायचा, तो तोंडपाठ असू द्या.

आणि ज्या मैत्रिणी कॅथॉलिक नाहीत, त्यांनी हेच सगळं आपल्या परीने करायचं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, आणि अशी मंडळं जगात अनेक शहरांत आहेत. गुरुद्वाऱ्याचा लंगर तर कुणालाही खुला असतो. दार कुठलंही असो, ते निघण्याआधी शोधायचं, पहिल्याच आठवड्यात ठोठवायचं, आणि तिथे माणसं पारखून घ्यायची.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एक विषय घ्या. आपल्या वस्तीतली कुठली मुलगी येत्या वर्षात बाहेर शिकायला जाऊ शकते? परदेशी असेल, पुण्या-मुंबईला असेल. ती कशासाठी अडली आहे, पैशासाठी की घरच्यांच्या धास्तीसाठी? पैशासाठी अडली असेल तर कर्जाची माहिती काढायला गटातल्या दोघी तिच्याबरोबर बँकेत जा. धास्तीसाठी अडली असेल तर तिच्या आईजवळ जाऊन बसा. अशा वेळी आईला उपदेश नको असतो, सोबत हवी असते.